फुरशाचे विष आणि भटकी पेशी



फुरसे म्हणजे काय हे रत्नागिरीकरांस सांगण्याची गरज नाही. कातळावरच्या सुट्या दगडाखाली, गवताच्या भाऱ्यात, पाणंदीच्या कडेला ते पडून असते आणि अंगाला अंग घासून करवत चालवल्यासारखा आवाज करते. इंग्रजी अमदानीत या जिल्ह्यात फुरशी मारण्याबद्दल सरकार बक्षीस देई. १८६२ सालच्या डिसेंबरात हे बक्षीस वाढवले, तेव्हा आठवड्या-दीड आठवड्यात एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली अशी नोंद आहे. ती मोजणाऱ्या कारकुनाची आम्हांस दया येते.

आजचा विषय रक्ताची गुठळी आणि फुप्फुसाचा कर्करोग हा आहे. त्याच्या आरंभी साप कशासाठी, असे कोणी विचारील. रक्त कसे गोठते हे शास्त्रज्ञांना समजावून देण्यात सापांच्या विषाचा वाटा मोठा आहे, आणि त्यांत आमच्या फुरशाचे नाव वरच्या ओळीत आहे. म्हणून ओळखीच्या वाटेने विषयात शिरावे, इतकेच.

फुरसे चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येते, दंशाची जागा पाझरत राहते, लघवी लाल होते. डॉक्टर त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. तेवढ्या वेळानेही ते पातळच राहिले तर विष भिनले असे समजतात. यावरून कोणासही वाटेल की हे विष रक्त पातळ करते. खरी गोष्ट उलटी आहे. निरोगी रक्तात गुठळीचा कच्चा माल सदैव तयार असतो. जखम झाली की प्लेटलेट नावाच्या बारीक कणिका तिथे येऊन चिकटतात. प्रोथ्रॉम्बिन नावाच्या द्रव्यापासून थ्रॉम्बिन बनते. आणि थ्रॉम्बिनमुळे फायब्रिनचे धागे तयार होऊन त्यांची जाळी विणली जाते. गिरणीत पिंजण, कताई आणि विणाई ही खाती एकामागून एक चालतात, तसेच हे. फुरशाच्या विषातले एक द्रव्य मात्र जखमेची वाट न पाहता प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करीत सुटते. अंगभर नको तिथे विणाई सुरू होते, थोड्याच वेळात सूत संपते आणि खऱ्या जखमेसाठी धागा उरत नाही. आपल्याच अंगातली रक्षणाची यंत्रणा परक्याच्या हुकमाने चालू लागली म्हणजे काय होते, याचा हा नमुना आहे.

दुसरा नमुना आम्ही डोळ्यांनी पाहिला. साल १९९८. संघटनेच्या कामात आम्ही तेव्हा नवखे होतो. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटून गावी परतलेले एक कामगार आपल्या थकलेल्या देण्यांचे कागद घेऊन आमच्याकडे येत. सगळे त्यांना तात्या म्हणत. परळच्या एका गिरणीत त्यांनी वीस-बावीस वर्षे काढली होती, आणि बिडी त्याहून जुनी होती. एका फेरीस ते आले ते लंगडत. डावी पोटरी सुजून तुकतुकीत झालेली. घरी निरगुडीचा शेक झाला, तेल चोळून झाले. डॉक्टरांनी वाताच्या गोळ्या दिल्या. खोकल्याविषयी कोणी विचारले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. आमचे सारे लक्ष त्यांच्या कागदांवर. तीन महिन्यांनी थुंकीतून रक्त पडले तेव्हा त्यांना मुंबईस नेले. उजव्या फुप्फुसात गाठ निघाली, आणि ती तोवर यकृतात पोचली होती. पावसाळ्यापूर्वी तात्या गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या पत्नीने आम्हांस विचारले, "दुखत होता तो पाय. छातीत कुठून आलं हे?"

त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे वाचनाने जे कळले त्यावरून आज एवढे म्हणता येईल, की काकींनी प्रश्न उलट्या टोकाने धरला होता. रोग छातीतच होता, आणि पायाची सूज ही बहुधा त्याने पाठवलेली वर्दी होती.

ही वर्दी प्रथम नीट वाचली ती पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातील आर्मां त्रूसो या वैद्याने. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्याने सांगितले, की पोटाचे दुखणे कर्करोगाचे आहे की नाही असा संशय असता रोग्याच्या शिरेत आपोआप गुठळी झाली, तर आपला संशय फिटतो. पुढे १८६७ च्या पहिल्या जानेवारीस त्याला ही खूण स्वतःच्याच शरीरावर दिसली. त्याने आपल्या शिष्याला सांगितले की आता आशा नाही. त्याच वर्षी जूनमध्ये तो पोटाच्या कर्करोगाने वारला. स्वतःच्या निदानाची इतकी कठोर परीक्षा फार थोड्यांस द्यावी लागली असेल.

त्रूसोने खूण दिली, कारण दिले नाही. १८७८ साली बिलरोट या शस्त्रवैद्याने रक्ताच्या गुठळीतच कर्करोगाच्या पेशी अडकलेल्या पाहिल्या. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेटने स्तनाच्या कर्करोगाने वारलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवपरीक्षांच्या नोंदी तपासून म्हटले, की बी सर्वत्र उधळले जाते, पण उगवते ते मानवेल त्याच जमिनीत. भात पेरणाऱ्या कोकण्यास हे वेगळे समजावण्याचे कारण नाही. पण पेरलेले बी आणि रुजलेले बी यांच्यामध्ये पाखरांचा धोका असतो, आणि गुठळीचा संबंध येतो तो इथे.

फुप्फुसातल्या गाठीवरून सुटलेली पेशी रक्तात पडली की तिचे आयुष्य सहसा थोडे असते. वाहत्या रक्ताचा मारा तिला सोसत नाही, आणि शरीराचे पहारेकरी, म्हणजे काही विशिष्ट पांढऱ्या पेशी, तिला ओळखून मारतात. सुटलेल्या पेशींपैकी फारच थोड्या कुठे रुजतात. पण कर्करोगाच्या पुष्कळ पेशींच्या अंगावर रक्त गोठवण्यास चालना देणारे एक द्रव्य असते. तिच्याभोवती थ्रॉम्बिन तयार होते, प्लेटलेट चिकटतात, फायब्रिनचे धागे गुंडाळले जातात. जखमेसाठी विणलेले कापड भामट्याने पांघरले, असा हा प्रकार. पांघरुणाखालची पेशी पहारेकऱ्यांस दिसत नाही. आणि त्याच चिकट धाग्यांनी ती दूरच्या केशवाहिनीच्या भिंतीस धरून राहते व पलीकडे शिरते. १९६८ साली अमेरिकेत गॅसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्तातील प्लेटलेट कमी केल्या, तेव्हा कर्करोगाचा फैलाव कमी झाला. प्लेटलेटच्या आडोशामुळे पहारेकरी पेशींचे काम अडते, हे १९९९ च्या सुमारास उंदरांतच दाखवले गेले.

येथे पुन्हा आमचे फुरसे येते. १९८८ साली त्याच्या विषातून एकिस्टॅटिन नावाचे एक चिमुकले प्रथिन वेगळे काढण्यात आले. ते प्लेटलेटना एकमेकींस चिकटू देत नाही. त्याच्या घडणीवरून हृदयविकारात वापरण्याचे एक औषध तयार झाले. विषारी सापांपासून मिळालेल्या या जातीच्या काही प्रथिनांनी उंदरांच्या फुप्फुसात रुजणाऱ्या कर्करोगाच्या गाठीही कमी झाल्या. एकाच थैलीत गोठवणारे आणि गोठू न देणारे, अशी दोन्ही द्रव्ये!

तात्या ज्या परळात राहिले तिथे हे सारे शास्त्र हाकेच्या अंतरावर होते. सर्पविषावरची लस करणारी हाफकिन संस्था परळात. १९४१ साली सुरू झालेले टाटा रुग्णालय परळात. तिथल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंडा-घशाचा कर्करोग यांचा संबंध १९५५ साली आकड्यांनी मांडला. मुंबईतील कर्करोग्यांची नोंदणी १९६३ साली सुरू झाली, ती देशातील पहिली. बिडीने फुप्फुसाचा कर्करोग होतो हेही मुंबईच्याच अभ्यासात १९७९ साली दिसले. पाळीचा भोंगा होताच कामगार या इमारतींवरून जात, आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून बिडीचे बंडल घेत. दारे जवळ होती. ज्ञान दाराबाहेर आले नव्हते. यात आमच्या चळवळीचाही दोष आहे. पगार, बोनस आणि महागाई भत्ता यांवर आम्ही रात्री जागवल्या, पण कामगाराच्या छातीविषयी आमची एक सभा झाली नाही.

मग रक्त पातळ करण्याचे औषध देऊन कर्करोग थोपवता येईल का? वॉरफॅरिन हे असे एक औषध. सडलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली, त्या तपासातून अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याचा शोध लागला आणि १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. १९८१ साली अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतून एक अहवाल निघाला. फुप्फुसाच्या कर्करोगाचा लहान पेशींचा म्हणून जो प्रकार आहे, त्याच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर वॉरफॅरिन दिले असता आयुष्य जवळजवळ दुप्पट झाले. आशा फार वाढली. पण रुग्ण होते अवघे पन्नास. पुढे ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे २,२०२ रुग्ण घेऊन डाल्टेपॅरिन हे गोठण रोखणारे इंजेक्शन तपासले. निकाल २०१६ साली आला. गुठळ्यांचे प्रमाण शेकडा सुमारे दहावरून साडेपाचावर आले, रक्तस्राव वाढला, आणि आयुष्य एका दिवसानेही लक्षात येण्याजोगे वाढले नाही. उंदरात जे साधले ते माणसात साधले नाही. रोग ओळखू येईतो पेशी बहुधा रुजून बसलेल्या असतात, हे त्याचे एक कारण संभवते. पांघरूण मागाहून काढून काय उपयोग?

तेव्हा कर्करोग अडवण्यासाठी कोणी आपल्या मनाने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेऊ नयेत. उलट, एका पायाची पोटरी सुजली म्हणून कर्करोगच झाला असेही समजू नये. विनाकारण शिरेत गुठळी झालेल्या माणसांत वर्षभरात कर्करोग आढळतो तो सुमारे वीसांत एकास. बाकीच्या एकोणिसांनाही डॉक्टर गाठायचेच आहेत, कारण पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर तिनेच माणूस दगावतो. आणि अशी सूज चोळू नये.

काकींस आम्ही हे सारे बऱ्याच वर्षांनी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "तेव्हाच कळलं असतं तर वाचले असते का?" आम्ही म्हटले, वाचले असते असे सांगवत नाही, तोवर बहुधा उशीर झाला होता, पण छातीचा फोटो तीन महिने आधी निघाला असता. त्या म्हणाल्या, "तीन महिने तरी पाय चोळत बसलो नसतो." आणि चहा ठेवायला आत गेल्या.