तळटीप : ‘सारा भरला पाहिजे’

१८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या अंमलाखाली गेल्यावर बुलढाणा, मेहकर, चिखली या मुलखातील रयतेच्या कानी इंग्रजी कायद्याची जी आज्ञार्थक भाषा पडू लागली, तिचा आधार ‘शॅल’ हे साहाय्यक क्रियापद असून, प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘देणे लागणे’ असा ऋणवाचक होता. जर्मन भाषेतील ‘शुल्ड’, म्हणजे ऋण आणि अपराधही, हा शब्द त्याचाच सगोत्र होय. उलट, ‘मस्ट’ हे आज सक्तीचे द्योतक असले, तरी ज्या धातूच्या भूतकाळी रूपापासून ते आले तो धातू मुख्यतः मुभा दर्शवीत असे.

आपल्या ‘पाहिजे’ची घडण मात्र निराळी, आणि माझ्या मते अधिक सूक्ष्म आहे. हे ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप होय; ‘कीजे’, ‘म्हणिजे’ ही त्याची भावंडे महानुभावांच्या गद्यात, म्हणजे लोणार-मेहकरला चक्रधरस्वामींचा वास घडला त्या तेराव्या शतकातील परंपरेत, विपुल आढळतात. म्हणूनच ‘कुळाने सारा भरला पाहिजे’ या वाक्यात कूळ तृतीयेत राहते, क्रियापद साऱ्याशी जुळते, आणि भरणा पुरा झालेला दिसावा, एवढी अपेक्षा व्यक्त होते.

इंग्रजी ‘मे’चा मूलार्थ सामर्थ्य, यास्तव तहसीलदारास अधिकार देणाऱ्या कलमांत आम्ही ‘शकेल’ हेच रूप योजिले आहे. — संपादक