कलिंगात न कोरलेला लेख

इतकी वर्षे वर्गात अशोक शिकवला. कलिंगचे युद्ध, पश्चात्ताप, मग धम्म. मुलांचे पाठ, माझेही पाठ. निवृत्तीनंतर एक गोष्ट वाचनात आली आणि मी थबकलो.

अशोकाच्या १३व्या शिलालेखात कलिंगची कबुली आहे. १ लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली, त्याचे राजाला दुःख आहे. हा लेख गिरनारला आहे, काल्सीला आहे, पार शाहबाजगढीलाही आहे. पण खुद्द कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशातील धौली आणि जौगडला, तो नाही!

तेथे त्याऐवजी अधिकाऱ्यांना आज्ञा आहेत. प्रजा मला लेकरांसारखी, कुणाला विनाकारण कैद करू नका, छळू नका. शिवाय तिष्य नक्षत्राच्या दिवशी हे सर्वांना ऐकवा; म्हणजे निरक्षराच्याही कानी पडावे.

जखमेवरची खपली निघू नये म्हणून कबुली गाळली, की जिंकलेल्यांपुढे मान झुकवायची नव्हती म्हणून? मला वाटते, दोन्ही असावे. छळ थांबवण्याची आज्ञा मोलाचीच. पण ज्यांची माणसे गेली, त्यांनाच 'चुकलो' हा शब्द ऐकायला मिळाला नाही.

हे मी वर्गात कधी सांगितले नाही, याची आता रुखरुख लागते. तुम्हाला काय वाटते?