साच्यातील चॉकलेट

साच्यातील चॉकलेट म्हणजे वितळवलेले चॉकलेट साच्यात ओतून व थंड करून तयार केलेली, ठरावीक आकाराची मिठाई होय. ही मिठाई भरीव असते किंवा तिच्या पातळ कवचात सुकामेवा, कॅरॅमल, गुलकंद यांसारखे सारण भरलेले असते. कारखान्यात आणि घरी मूळ प्रक्रिया एकच असते. चॉकलेट साच्यातून अलगद सुटणे, त्याला चकाकी येणे आणि ते कटकन मोडणे हे साच्यापेक्षा कोको बटर या मेदाच्या स्फटिकीकरणावर अवलंबून असते.

इतिहास

युरोपमध्ये चॉकलेट दीर्घकाळ मुख्यतः पेय म्हणून प्रचलित होते. १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन यांना कोकोच्या लगद्यातून कोको बटर वेगळे करणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट मिळाले. असे सुटे कोको बटर कोको व साखरेत मिसळल्यास साच्यात ओतता येण्याजोगे मिश्रण तयार होते. या तत्त्वावर इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जे. एस. फ्राय अँड सन्स या कंपनीने १८४७ मध्ये खाण्याच्या चॉकलेटची वडी तयार केली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पेटर यांनी दुधाचे चॉकलेट बनवले, तर रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये चॉकलेट दीर्घकाळ घुसळून मऊसर करण्याची पद्धत विकसित केली. कवचात सारण भरलेल्या बेल्जियन प्रालिनचे श्रेय ब्रुसेल्स येथील ज्याँ नॉयहाउस यांना दिले जाते (१९१२).

टेम्परिंग

कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते. त्यांपैकी पाचवे रूप सुमारे ३४° से. तापमानाला वितळते. ते खोलीच्या तापमानाला टणक राहते, मात्र तोंडात विरघळते. या रूपात गोठताना चॉकलेट किंचित आकुंचन पावते व साच्यापासून आपोआप सुटे होते. वितळवलेले चॉकलेट नुसते थंड होऊ दिल्यास अस्थिर स्फटिक तयार होतात व ते मऊ, निस्तेज राहून साच्याला चिकटते. हे टाळण्यासाठी तापमान नियंत्रित करण्याच्या प्रक्रियेस टेम्परिंग म्हणतात. तिचे वितळवणे, थंड करणे व पुन्हा कोमट करणे असे तीन टप्पे आहेत. त्यांची साधारण तापमाने पुढीलप्रमाणे :

गडद चॉकलेट : ४५–५०°, २७–२८°, ३१–३२° से.
दुधाचे चॉकलेट : ४०–४५°, २६–२७°, २९–३०° से.
पांढरे चॉकलेट : ४०–४५°, २५–२६°, २८–२९° से.

घरगुती कृती

घरी टेम्परिंगसाठी बीजपद्धत सोयीची ठरते. चॉकलेटचे बारीक तुकडे करून त्यांतील सुमारे दोन तृतीयांश भाग गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात वितळवतात. भांडे खाली उतरवून उरलेले तुकडे थोडेथोडे घालत ढवळले जाते. या तुकड्यांतील स्थिर स्फटिक बीजाचे काम करतात. चाचणीसाठी सुरीचे टोक चॉकलेटमध्ये बुडवून बाहेर ठेवतात. काही मिनिटांत त्यावरील थर एकसारखा व चकचकीत गोठल्यास टेम्परिंग साधले असे समजतात.

साचे पॉलिकार्बोनेटचे किंवा सिलिकोनचे असतात. टणक व गुळगुळीत असल्यामुळे पॉलिकार्बोनेटच्या साच्यात चकाकी अधिक येते. साचा कापसाने पुसून कोरडा केला जातो. चॉकलेट ओतल्यावर हवेचे बुडबुडे निघून जाण्यासाठी तो ओट्यावर हलकेच आपटतात. सारणाचे चॉकलेट करताना भरलेला साचा उलटा करून जादा चॉकलेट काढून टाकतात. कवच गोठल्यावर त्यात काठाच्या किंचित खालपर्यंत थंड सारण भरून वर चॉकलेटचा थर देतात. नंतर साचा दहा ते पंधरा मिनिटे शीतकपाटात ठेवला जातो. चॉकलेट सुटले की पारदर्शक साच्याचा तळ धुरकट दिसू लागतो.

सामान्य दोष

वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे काही थेंब किंवा वाफ गेल्यास साखरेचे कण एकमेकांना चिकटून त्याचा घट्ट, खरखरीत गोळा होतो. टेम्परिंग बिघडल्यास किंवा साठवणीत तापमान वारंवार बदलल्यास पृष्ठभागावर मेदाचा पांढुरका थर येतो. शीतकपाटातून काढलेल्या चॉकलेटवर दमट हवेतील बाष्प साचल्यास साखर विरघळून वर खरखरीत पांढरा थर उरतो. हे दोन्ही थर बुरशीसारखे दिसले तरी बुरशी नसतात.

कंपाउंड चॉकलेट

भारतात घरगुती चॉकलेटसाठी अनेकदा कंपाउंड वापरले जाते. त्यात कोको पावडर असते. परंतु कोको बटरऐवजी पामच्या बियांतील गराचे तेल किंवा तत्सम वनस्पतिजन्य मेद असतो. त्यास टेम्परिंग लागत नाही. मात्र चव व तोंडातील विरघळणे वेगळे असते. वेष्टनावरील घटकांच्या यादीवरून हा फरक ओळखता येतो. कंपाउंड व अस्सल चॉकलेट एकत्र वितळवल्यास त्यांचे मेद नीट जुळत नाहीत व मिश्रण मऊ पडते.

उष्ण हवामान आणि कोकम

महाराष्ट्रातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान कोको बटरच्या वितळणबिंदूच्या आसपास पोहोचू शकते. कोकण व गोव्यात कोकमाच्या बियांपासून काढले जाणारे कोकम तेल (भिरंडेल) कोको बटरपेक्षा अधिक तापमानाला वितळते. पायांच्या भेगांवरील औषध म्हणून परिचित असलेला हा मेद युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार चॉकलेटमध्ये मर्यादित प्रमाणात वापरण्यास अनुमती असलेल्या सहा वनस्पतिजन्य मेदांपैकी एक आहे. आंब्याच्या कोयीतील मेदाचाही त्या यादीत समावेश आहे.

साठवण

तयार चॉकलेट हवाबंद डब्यात, उग्र वासाच्या पदार्थांपासून दूर, सुमारे १५–१८° से. तापमानाला ठेवणे योग्य मानतात. भरीव चॉकलेट दीर्घकाळ टिकते. ताज्या सायीचे किंवा फळांच्या गराचे सारण मात्र त्यातील पाण्यामुळे लवकर खराब होते. अशी चॉकलेटे शीतकपाटात ठेवून काही दिवसांत संपवावी लागतात. शेंगदाणे व सुकामेव्याची काहींना तीव्र ॲलर्जी असते. कवचामुळे सारण बाहेरून ओळखता येत नसल्याने, भेट किंवा विक्रीसाठीच्या चॉकलेटवर घटकांची नोंद असणे आवश्यक ठरते.