दोन पट्ट्यांच्या मधली जागा

आमच्या पूनम सागरमधला एक मुलगा गेली दोन वर्षं पैसे साठवतो आहे. नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचा, गणपतीत भजनी मंडळाला साथ करायची आणि मिळालेलं पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायचं. त्याला जे वाद्य घ्यायचं आहे ते लांबून पेटीसारखं दिसतं, पण त्याला सुट्या पट्ट्या नाहीत. पट्ट्यांच्या जागी मऊ रबरासारखे उंचवटे, सगळे एकसलग. बोट दाबलं की सूर, सरकवलं की मींड, जागच्या जागी हलवलं की आंदोलन. बरं, आवाज बाहेर पडायला ते संगणकाला जोडायचं. किंमत म्हणाल तर नव्या स्कूटरएवढी!

त्याची आई मला म्हणाली, "बाई, एक की-बोर्ड घरात असताना हे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण जन्म इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे 'कशाला' याचं उत्तर मला मागे गेल्याशिवाय देता येत नाही. तिला सांगताना ते फार लांबलं, म्हणून इथे नीट लिहून काढते आहे.

सुरुवात आपल्या पेटीपासूनच करावी लागेल. पेटी मुळात आपली नव्हे. पॅरिसच्या देबें नावाच्या कारागिराने १८४० साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती इकडे आली, जमिनीवर बसून वाजवता येईल अशी झाली आणि कीर्तनापासून नाटकापर्यंत सगळीकडे शिरली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तिला मैफलीत मानाचं स्थान मिळवून दिलं. पण तिची एक खोड गेली नाही. तिचे सूर कारखान्यातच ठरून येतात. एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारावी लागते. मधल्या जागेत बोट ठेवायला काही नाही. आणि आपलं गाणं तर बरंचसं त्या मधल्या जागेतच राहतं! दरबारीचा गंधार आठवा. तो पट्टीवर सापडत नाही. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत.

ही मधली जागा पेटीत आणण्याची धडपड मात्र बंदीच्या कितीतरी आधी, आपल्या सांगलीत सुरू झाली होती. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गवयांचे सूर मोजून बावीस श्रुतींवर १९१० साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. अधिकारी त्यांना येऊन मिळाले आणि दोघांच्या खटपटीतून श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. तिथे तिच्यावरून वाद झाला. भातखंडे यांना श्रुतींचं हे गणित मान्य नव्हतं. ती पेटी काही घरोघर गेली नाही. पण विचार मेला नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली. तिच्यात षड्ज आणि पंचम अचल, बाकीच्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन जागा, हवी ती निवडायला खुंट्या. दहा दुणे वीस अधिक दोन! गणित कसं चोख बसतं पाहा. तरीसुद्धा एका श्रुतीवरून दुसरीवर घसरत जायची सोय त्यातही नाही. ते काम विजेच्या वाद्यांनी केलं, आणि त्यांची गोष्ट आपल्याच मुंबईत घडली.

गिरगावात वीरजी शाह नावाच्या कच्छी गृहस्थांचं किराणा दुकान होतं. तिथे उधारी थकलेल्या एका गिऱ्हाइकाने पैशांऐवजी दुकानदाराच्या मुलांना संगीत शिकवलं, अशी गोष्ट सांगतात. ती मुलं म्हणजे कल्याणजी-आनंदजी. यातल्या कल्याणजींनी एक अजब वाद्य हाताशी धरलं होतं : क्लॅव्हिओलिन. तेही फ्रान्सचंच, १९४७ साली कॉन्स्टंट मार्टिन यांनी शोधलेलं. छोटासा की-बोर्ड, सोबत स्पीकरचं खोकं, एका वेळी एकच सूर निघणार आणि आवाज कमीजास्त करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा. म्हणजे पेटीवाल्याने आता गुडघ्यालाही रियाज द्यायचा! १९५४ च्या 'नागिन'मधली ती प्रसिद्ध पुंगी याच वाद्यावर वाजली. संगीत हेमंतकुमारांचं, क्लॅव्हिओलिनवर कल्याणजी आणि जोडीला हार्मोनियमवर रवी. पुढे कित्येक वर्षं गारुडीसुद्धा तीच धून वाजवत फिरायचे. विजेच्या खोक्याने केलेली पुंगीची नक्कल खऱ्या पुंगीने उचलली, याला काय म्हणावं?

त्यानंतर आला मूग सिंथेसायझर. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्युडर या अमेरिकन संगीतकाराने तो बसवून दिला. गीता साराभाई आणि इतर काही जणांनी तिथे प्रयोग केले; त्यांच्या ध्वनिफिती जवळजवळ पन्नास वर्षं कपाटात पडून होत्या. पण अहमदाबादेत संस्थेचं पाठबळ होतं. मुंबईच्या सिनेमात वादकाचा स्वतःचा खिसा.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. सिनेमातले वादक पगारी नोकर नव्हते. रेकॉर्डिंगला बोलावणं आलं तर पैसे. ज्याच्याकडे नवं वाद्य, त्याला बोलावणं. १९७० साली बाजारात आलेल्या मिनिमूगची अमेरिकेतली किंमत १,४९५ डॉलर होती. डॉलर तेव्हा साडेसात रुपयांना, म्हणजे सुमारे ११,२०० रुपये झाले. त्यावर जकात वेगळी, आणि परकीय चलन मिळण्याची मारामार वेगळी. मी शाळेत लागले तेव्हाच्या पगाराने हिशेब केला तर खाणंपिणं सोडून दोन-अडीच वर्षं साठवावे लागले असते!

केरसी लॉर्ड हे पारशी गृहस्थ, 'रूप तेरा मस्ताना'मधलं अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे, यांनी सत्तरच्या दशकात मूग मुंबईच्या स्टुडिओंत आणला. पैसे भरून भागत नव्हतं. मिनिमूगला स्मरणशक्ती नाही. आज साधलेला आवाज उद्या हवा असेल तर प्रत्येक बटण किती फिरवलं होतं ते लिहून ठेवायचं आणि पुन्हा तसं फिरवायचं. आणखी एक गंमत म्हणजे डाव्या बाजूला एक चाक. उजव्या हाताने सूर दाबायचा, डाव्याने चाक फिरवून तो वर-खाली ओढायचा. पेटीवाल्याचा डावा हात इतकी वर्षं भाता ओढत होता, तो आता मींड काढू लागला. देवलांना जी मधली जागा हवी होती तिची किल्ली हातात आली. पण ती वाजवायला डावा हात पहिलीच्या वर्गात बसवावा लागला.

आणि मग चरणजित सिंग. हेही सिनेमातलेच वादक. त्यांनी परदेशातून तीन जपानी यंत्रं आणली : रोलँडचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालाचं यंत्र आणि टीबी-३०३ ही एका सप्तकाची चिमुकली डबी. ही डबी बास गिटारवाल्याची जागा भरून काढायला बनवली होती. तिच्यात सूर एकेक करून भरावे लागत. ते काम इतकं किचकट की लोक कंटाळले आणि दोन-तीन वर्षांत कंपनीने ती बंद केली. पण तिला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत होतं. चरणजित सिंग घरी बसून तिन्ही यंत्रं एकमेकांना जोडायला शिकले आणि १९८२ साली भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून त्यांची रेकॉर्ड काढली. ती फारशी कोणी घेतली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या मुलांनी त्याच डबीतून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं नाचाचं संगीत काढलं, ते जगभर गाजलं. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने चरणजित सिंगांची रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा लोक थक्क झाले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस त्यानंतर युरोपात जाऊन वाजवून आला. २०१५ साली ते मुंबईत वारले.

इथवर मुलगा माझ्यावर खूश होता. पण गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी शिक्षिका कसली? याच यंत्रांनी पुढे कित्येक वादकांचं काम गेलं. एकेका गाण्याला डझनावारी व्हायोलिनं लागायची, त्यांतले पुष्कळसे वादक गोव्याचे. नव्वदच्या दशकात ते काम की-बोर्डवर होऊ लागलं आणि भरलेले स्टुडिओ ओस पडले. एकाने पोटाला चिमटा काढून घेतलेलं वाद्य दुसऱ्याच्या पोटावर आलं. दोष त्या वादकांचा म्हणता येत नाही, पण झालं ते झालं.

मुलाला हवं असलेलं वाद्य याच घराण्यातलं पुढचं. २००९ च्या 'दिल्ली-६'मधल्या 'रहना तू'मध्ये ए. आर. रहमान यांनी कंटिन्युअम नावाचं असंच एक सलग पृष्ठभागाचं वाद्य वाजवलं आहे. तिथे एकही पट्टी नाही. साध्या की-बोर्डवर चुकीच्या पट्टीवर बोट पडलं तरच बेसूर. इथे केसभर सरकलं तरी बेसूर. सूर लावून द्यायला कारखाना नाही, आपला कान आहे. की-बोर्डवर सरावलेल्या बोटांना हे व्हायोलिन शिकण्याइतकंच कठीण जाणार.

म्हणून त्याच्या आईला मी म्हटलं, "घेऊ दे. पैसे त्याने कमावले आहेत. पण पैसे हा पहिला हप्ता आहे, पुढचे हप्ते वेळेचे आहेत आणि ते दुकानदार सांगत नाही." आणि मुलाला सांगितलं की, वाद्य येईपर्यंत थांबू नकोस. रोज यमन गळ्यातून काढ, जो सूर गळ्याला सापडला नाही तो रबरावर सापडणार नाही. शिवाय व्हायोलिनचा आवाज त्यातून काढायला जाऊ नकोस. व्हायोलिन वाजवणारी माणसं अजून आहेत, त्यांना बोलव. या वाद्याचा स्वतःचा जो आवाज असेल तो शोध.

तो 'हो बाई' म्हणाला. आईचा चेहरा अजून अर्धाच पटलेला आहे. दिवाळीपर्यंत रक्कम पुरी होईल म्हणतात. असो.

तुमच्यापैकी कुणी जुन्या ऑर्केस्ट्रांतून वाजवलं असेल, घरात कुणाकडे त्या काळचं एखादं विजेचं वाद्य माळ्यावर पडलेलं असेल, तर जरूर कळवा. ते कसं घेतलं, पैसे कसे जमवले, शिकवलं कोणी, हे सगळं ऐकायला मला आवडेल. त्या मुलालाही वाचून दाखवीन.