जागल्याची आरोळी

१९४० साली मदनपल्लीच्या क्षयरुग्णालयात फ्रिमोट-म्योलर व बार्टन या डॉक्टरांपुढे एक कोडे पडले. रोगी रात्र रात्र खोकत, क्ष-किरणांत फुप्फुसे डागाळलेली दिसत. पण थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत! रक्तात इओसिनोफिल पेशी मात्र उदंड. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या सहसा ५०० च्या आत. या रोगात ३००० च्या वर! १९४३ साली वाइनगार्टेन यांनी रोगाचे बारसे केले; सोमलाचे औषधही लागू पडले. कारण मात्र गुप्तच. पुढे संशय हत्तीरोगाच्या कृमींवर गेला. पण रक्तात त्यांची पिले सापडेनात. अखेर १९६० साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा तुकडाच तपासला. चोर तेथे दडले होते! वाढलेला आकडा ही जागल्याची आरोळी. चोर आपणच हुडकायचा असतो.