तक्क्या आणि ऑटोमन

मंचरला किंवा नारायणगावला फर्निचरच्या दुकानात सोफ्यासमोर एक गुबगुबीत, बिनपाठीची बैठक मांडलेली दिसते. सोफ्यावर बसावे आणि तिच्यावर पाय टाकावेत. दुकानदार तिला 'पफी' म्हणतो. इंग्रजीत 'ऑटोमन' असेही म्हणतात. या शब्दाच्या पोटात आपला उस्मान दडलेला आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस, आजच्या तुर्कस्तानात, उस्मान नावाच्या सरदाराने एक छोटे राज्य उभे केले. त्याच्या वंशजांची सत्ता तीन खंडांत पसरली आणि 1922 पर्यंत टिकली. अरबी नावाचा तुर्की उच्चार 'ओस्मान'. युरोपच्या तोंडी त्याचेच 'ऑटोमन' झाले. तुर्कांच्या घरी भिंतीलगत गाद्या-उशांच्या बुटक्या बैठकी असत. अठराव्या शतकात फ्रेंचांनी तशा धर्तीच्या बैठकीला हे नाव दिले. पुढे इंग्रजांकडे ते पाय ठेवायच्या गादीलाही लागले. खुर्चीवर बसले की पाय लोंबकळतात, त्यांना टेकू हवाच. ज्या सत्तेच्या फौजांनी 1529 आणि 1683 मध्ये व्हिएन्नाला वेढा घातला, तिचे नाव असे पायाखाली आले.

आपण मांडी घालून बसणारी माणसे. टेकू हवा तो पाठीला, म्हणून आपल्याकडे तक्क्या. हा शब्द फारसीतून आला. अर्थ आधार, टेकू. 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाही सुरू केली ती जुन्नरहूनच. तेव्हा कारभारात फारसीचा दबदबा होता. पुढे याच जुन्नरच्या शिवनेरीवर 1630 मध्ये शिवाजी महाराज जन्मले. त्यांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्याची भाषा आपली असावी, हा त्यामागचा विचार. तरी लोकांच्या घरातले तक्क्या, गालिचा, जाजम हे शब्द जागचे हलले नाहीत. आमच्याकडच्या लग्नात आजही व्याह्यांच्या पाठीशी लोड-तक्क्येच लागतात, मग लग्न कुणाच्याही घरचे असो.

पण तक्क्या बैठकीतच थांबला नाही. फकीर जिथे मुक्काम करतो, त्या जागेलाही तक्क्याच म्हणतात. आणि महाराष्ट्रातल्या अनेक गावांत महारवाड्यातल्या चावडीचे नावही तक्क्या. गावच्या चावडीत ज्यांना वर चढून बसायची मुभा नव्हती, ती माणसे इथे हक्काने बसत. आपले तंटे इथेच मिटवत. रात्री-अपरात्री आलेला पाहुणा इथेच पाठ टेकत असे. दलित आत्मकथनांतून हा तक्क्या मराठी वाचकांना भेटला आहे.

बघा, एक नाव तख्तावरून निघून पायांखाली गेले. दुसरे श्रीमंतांच्या पाठीमागून निघाले आणि ज्यांना कुठेच टेकायला जागा नव्हती, त्यांचा आसरा झाले.

मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. 'हा शब्द तुमचा की आमचा?' असे मला कार्यक्रमांतून कुणी ना कुणी विचारतेच. शब्द कुठून आला हे कोशात सापडते. त्याला टेकून कोण कोण बसले, हे मात्र गावात जाऊन विचारावे लागते. तक्क्यापुरते सांगायचे, तर आपण सगळेच बसलो आहोत.