अक्कलकुव्यात राहून आइस हॉकीची तयारी कशी करायची?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अक्कलकुव्यात बर्फ पडत नाही. तरीही आइस हॉकीची पहिली तयारी इथे सिमेंटच्या गुळगुळीत जागेवर करता येते. त्यासाठी एका रांगेत चाके असलेले इनलाइन स्केट्स वापरतात.

आधी हेल्मेट आणि गुडघा, कोपर, मनगटाचे गार्ड घाला. गुडघे वाकवा, नजर समोर ठेवा. पाय सरळ मागे न ढकलता तिरका बाहेर ढकला. वेग त्यातूनच मिळतो. तोल गेलाच, तर खाली बसत कुशीवर पडा. मागे पडल्यास डोक्याला मार लागू शकतो.

थांबणे मात्र बर्फावरच शिकावे लागते. हॉकी स्केटच्या पात्याचा तळ मधोमध खोलगट असतो, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात. पाय फाकवून, बोटे आत वळवून आतल्या धारांवर दाब दिला, की बर्फ खरवडला जातो आणि वेग कमी होतो. चाके अशी सहज आडवी घसरत नाहीत.

हा सराव डेहराडूनच्या हिमाद्री रिंकमधील कृत्रिम बर्फावर किंवा हिवाळ्यात लेहला करता येतो. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेतील आइस हॉकीचे सामने लेहलाच झाले. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असल्याने तिथे पोहोचल्यावर आधी दोन दिवस विश्रांती घ्या.

दोन्ही बाजूंनी नीट थांबता आले, की मगच स्टिक हातात घ्या.